कॉलेजात धर्मांचा अभ्यास : घेऊ द्यावा की नको?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. प्रश्न बहुधा ठरलेले असतात. कोणते कॉलेज बरे, मुलींचे हॉस्टेल आहे का, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुलांना मुख्य विषयाच्या जोडीला दुसरे विषयही निवडावे लागतात. कुणी तत्त्वज्ञान घेते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात कुठे धर्माच्या तत्त्वज्ञानावर, कुठे जगातल्या धर्मांवर एखादा पेपर असतो. मग घरात कुजबुज सुरू होते. गेल्या वर्षी एक अम्मी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आपा, लडकी ने ये कैसा सब्जेक्ट लिया? सब के मजहब पढ़ेगी तो अपना क्या रहेगा?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पोरांचा ईमान शाबूत राहावा ही काळजी कोणत्याही आई-बापाला असते. असायलाच हवी. तरी आमचे उत्तर 'घेऊ द्या' असे आहे. ते का, आणि घेऊ देताना घरच्यांनी काय पाहावे, ते या लेखात सांगतो.

आधी हा विषय काय नाही, ते. मकतबमध्ये मूल नाझरा वाचते, कलमे पाठ करते, वुजू आणि नमाजची रीत शिकते. ते धर्मशिक्षण. तिथे शिकवणारा आणि शिकणारा दोघेही त्या दीनवर ईमान ठेवतात, आणि मुलाने तसे जगावे हाच हेतू असतो. कॉलेजात जे शिकवतात ते धर्मांविषयीचे शिक्षण. कोण काय मानतो, कशाच्या आधारावर मानतो, त्याची इबादत कशी असते, त्याच्यात पंथ कसे झाले, एवढीच माहिती आणि तिची चर्चा. ही दोन शिक्षणे वेगळी आहेत हे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने स्पष्ट लिहून ठेवले आहे. देशातल्या प्रमुख धर्मांची निवडक माहिती शाळेपासून पहिल्या पदवीपर्यंत सर्वांना मिळावी, अशी त्या आयोगाची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले.

कायद्याचेही पाहा. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. पण धर्मांचा अभ्यास या बंदीत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबच्या डी. ए. व्ही. कॉलेजच्या खटल्यात आणि पुन्हा २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात सांगितले. थोडक्यात, वर्गात दुसऱ्याच्या धर्माची माहिती दिली म्हणून कुणी तुमच्या मुलीला आरतीला उभे करू शकत नाही. तशी सक्ती कुठे झालीच, तर कलम तुमच्या बाजूने आहे.

पदवीच्या मुलांना हा विषय शिकवावा ही कल्पना तर स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. त्याने पदवीच्या तीन वर्षांचा आराखडाच दिला होता. पहिल्या वर्षी बुद्ध, कन्फ्यूशियस, झरथुष्ट्र, हजरत ईसा (अ.), प्रेषित मुहम्मद (स.), कबीर, नानक अशांची चरित्रे. दुसऱ्या वर्षी जगातल्या धर्मग्रंथांतले निवडक उतारे. तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मूळ प्रश्न. या आयोगाचे एक सदस्य होते डॉ. झाकिर हुसेन. आराखडा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. पण १९६७ मध्ये पटियालाच्या पंजाबी विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासासाठी गुरु गोविंदसिंग भवन उभे करायचे ठरले, तेव्हा त्याची पायाभरणी राष्ट्रपती झालेल्या याच झाकिर हुसेन यांच्या हातून झाली. त्यांच्यासारख्या जामियाच्या माणसाला या विषयात ईमानला धोका दिसला नव्हता, एवढे आम्ही त्या अम्मींना सांगितले.

मराठी मुलखाला तर हा विषय त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते धर्मांचा तौलनिक अभ्यास करायलाच. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना मदत केली. पुढे महाराजांनी बडोद्याच्या कॉलेजातही या विषयासाठी प्राध्यापक नेमला. शिंदे १९०३ मध्ये परतले आणि तीन वर्षांनी त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी काम करणारी डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही संस्था मुंबईत काढली.

पण आम्हाला मुलांना ज्यांचे नाव सांगायला जास्त आवडते ते अल-बिरूनी. जन्म ९७३ चा, ख्वारिज्मचा. महमूद गझनवीने त्यांना गझनीला नेले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती, म्हणजे ते आमच्याच वयाचे होते, आणि त्या वयात त्यांनी संस्कृतला हात घातला. भाषा अवघड, एका वस्तूला अनेक शब्द, अरबी लिपीत उच्चार नीट उतरत नाहीत, नकलकार चुका करतात, अशा सगळ्या अडचणी त्यांनी मोकळेपणाने नोंदवल्या आहेत. पतंजलीचा योगावरचा ग्रंथ त्यांनी अरबीत आणला. १०३० च्या सुमारास 'किताब-उल-हिंद' पुरी केली, ८० प्रकरणांची. सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की हे पुस्तक वादासाठी नाही. समोरच्याचे म्हणणे खोडण्यासाठी ते मांडलेले नाही. हिंदू जे मानतात ते ते कसे मानतात, तेवढेच सांगायचे आहे. जिथे पटत नाही तिथे ते स्पष्ट लिहितातही, पण वर्णन एकीकडे आणि मत दुसरीकडे. हिंदूंमधला विद्वान ईश्वराविषयी जे म्हणतो आणि सामान्य माणूस जे करतो, त्यात फरक आहे हेही त्यांनी ओळखले. आणि हीच गोष्ट ग्रीकांत, ख्रिश्चनांत, मुसलमानांतही दिसते, असे दाखवून दिले. सर्वांत धाडसाची गोष्ट अशी की महमूदच्या स्वाऱ्यांनी हा देश उद्ध्वस्त झाला आणि म्हणूनच इथले पंडित मुसलमानांपासून दूर गेले, हे त्यांनी त्याच गझनीत राहून लिहिले.

आपल्याकडे मात्र 'दुसऱ्याचा मजहब वाचणे' म्हटले की मुनाजराच डोळ्यांसमोर येतो. १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा झालेला वाद अजून सांगितला जातो. इंग्रजांचे राज्य होते, पाद्री बाजारात उभे राहून इस्लामवर टीका करत होते, तेव्हा उत्तर देणे भागच होते. त्या उलेमांचे इल्म मोठे होते. आज तोच बाणा घेऊन आपली पोरे मोबाइलवर दोन मिनिटांच्या क्लिपा एकमेकांना पाठवतात, समोरच्याला गप्प केले की झाले. त्यात ना त्याचा धर्म कळतो, ना आपला. कॉलेजातला अभ्यास बिरूनीच्या वाटेचा आहे.

ही वाट प्रत्यक्षात कशी असते? कॅनडाचे विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ नावाचे विद्वान होते. १९४० नंतर काही वर्षे ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. पुढे १९५२ मध्ये त्यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात इस्लामच्या अभ्यासाची संस्था काढली. त्यांचा एक नियम या विषयात सर्वांना माहीत आहे. एखाद्या धर्माबद्दल तुम्ही जे लिहाल, ते वाचून त्या धर्माच्या माणसाला 'हो, आम्ही असेच मानतो' असे म्हणता आले पाहिजे. नियम साधा वाटतो. पाळून पाहा.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आम्ही काय काय पाहिले आहे! एकाने लिहिले होते, 'ख्रिश्चन तीन देव मानतात.' कोणताही ख्रिश्चन हे मान्य करणार नाही. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत, असे तो म्हणेल. आपल्याला ती शिकवण मान्य नाही, कुरआनने ती नाकारली आहे, हे पुढच्या वाक्यात जरूर लिहा. पण पहिले वाक्य त्याचे त्याला लिहू द्या. दुसऱ्याने लिहिले, 'हिंदू मातीला पूजतात.' गणपती बसवताना प्राणप्रतिष्ठा करतात आणि नंतर मूर्तीचे विसर्जन करतात. मातीच पूजायची असती तर ती पाण्यात कशाला सोडली असती? शिवाय आर्य समाज आणि प्रार्थना समाज मूर्ती मानतच नाहीत. तिसरीने सभ्यपणे लिहिले, 'सर्व धर्म एकाच ईश्वराची भक्ती शिकवतात.' वर्गातल्या जैन मुलीने लगेच हात वर केला. जैन धर्म जगाचा निर्माता मानत नाही. बौद्धही मानत नाहीत. 'सगळे एकच' हे वाक्य कानाला गोड लागते, पण त्यात कुणाचेच नीट ऐकून घेतलेले नसते. समोरचा वेगळा आहे हे कबूल करून त्याचा आदर करणे जास्त कठीण, आणि आमच्या मते जास्त खरे.

आता उलट बाजू. आपली मुले पुस्तकात आपल्याविषयी वाचतात तेव्हा काही शब्द खुपतात. 'इस्लामचे संस्थापक मुहम्मद' हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक नोट्समध्ये असते. मुलगा गोंधळतो. घरी शिकवलेले असते की दीन हजरत आदम (अ.) पासूनचा आहे, इब्राहीम, मूसा, ईसा (अ.) हे सगळे त्याचेच पैगंबर, आणि प्रेषित मुहम्मद (स.) शेवटचे. मग पेपरात काय लिहायचे? आमचा सल्ला असा, की दोन्ही लिहा. इ. स. ६१० मध्ये मक्केत संदेश येऊ लागला, ६२२ मध्ये हिजरत झाली, हे इतिहासाचे वाक्य. 'मुसलमानांच्या श्रद्धेनुसार' अशी सुरुवात करून दुसरे वाक्य आपल्या म्हणण्याचे. 'च्या श्रद्धेनुसार' हे दोन शब्द या विषयात मिठासारखे आहेत, सगळ्यांच्या ताटात लागतात. (जाता जाता, कायद्याचे विद्यार्थी अजूनही 'मोहमेडन लॉ' याच नावाचे जाडजूड पुस्तक वाचतात. मुल्ला हे नाव पाहून लेखक आपल्यातला असावा असे अनेकांना वाटते. दिनशा मुल्ला हे पारशी होते.)

मुले जिथे खरोखर अडतात ती जागा वेगळीच आहे. शेजारच्या बाकावरची मुलगी विचारते, "तुमचा तकवा म्हणजे काय गं?" आणि आपली पोरगी गप्प. उर्दूत ती पानभर बोलेल. मराठीत तिच्याकडे शब्द नाही. 'देवाची भीती' म्हटले तर अर्थ अर्धाच येतो. तकवामध्ये भीती आहे, पण सावधपणाही आहे, स्वतःला जपणेही आहे. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे दुखणे रोजचे. पण याच कोड्यात मजाही आहे. 'पैगंबर' हा फारसी शब्द, पैगाम म्हणजे निरोप, तो आणणारा. 'रसूल' अरबी, म्हणजे पाठवलेला. आणि मराठीतला 'प्रेषित'? तोही पाठवलेलाच. म्हणजे रसूलला मराठीत अगदी नेमका शब्द हजर आहे, आणि आपण उगीच अडखळतो. 'नमाज' आणि 'रोजा' हे तर फारसीच. अरबीत सलात आणि सौम. आपल्या पूर्वजांनी इबादतीचे शब्द एकदा भाषांतरित केलेच होते, मग मराठीत करायला लाजायचे कशाला? विनोबांनी मूळ कुरआन वाचता यावा म्हणून अरबी शिकून त्यातले निवडक भाग एकत्र केले. ते पुस्तक १९६२ मध्ये आले, आणि मराठीत 'कुराणसार' म्हणून ओळखले जाते.

रोजाचेच घ्या. 'उपवास' म्हटले की मैत्रीण विचारते, "मग साबुदाणा चालतो का? पाणी तरी?" सांगली-कोल्हापूरकडे मराठी बोलणारे जैन शेतकरी गावोगाव आहेत. तिथल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी स्मिथ यांचा नियम वर्गात आणला आहे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या धर्मातल्या एका आचारावर चार पाने लिहायची आणि त्या धर्माच्या सोबत्याकडून 'बरोबर आहे' अशी सही आणायची. सही नाही तर गुण नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीला पर्युषण आले, तिच्या जैन मैत्रिणीला रमजान. दोघींनी एकमेकींच्या घरी बसून लिहिले. जैन घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. उपवास असेल तर कुणी नुसते उकळलेले पाणी घेते, तेही दिवसाच. रोजेदाराचे नेमके उलटे. सूर्य मावळला की त्याची पहिली खजूर. एकच सूर्यास्त, एकीकडे ताट उचलायचे, दुसरीकडे मांडायचे. आमच्या मुलीच्या पहिल्या मसुद्यातल्या दोन ओळी मैत्रिणीने खोडल्या. 'जैन उपाशी राहून देवाला प्रसन्न करतात' ही त्यातली एक. तिथे प्रसन्न व्हायला देवच नाही. उपवास कर्म झडावे म्हणून असतो.

मैत्रिणीने विचारलेला प्रश्न आणखी अवघड निघाला. "जकात अडीच टक्के, पण कशावर? पगारावर की शिलकेवर?" मुलीने घरी विचारले. अब्बा म्हणाले कमाईवर, चाचा म्हणाले सोन्यावर, दादी म्हणाली रमजानमध्ये जमेल तेवढे द्यायचे असते. शेवटी मशिदीच्या इमामसाहेबांनी समजावून सांगितले. गरजा आणि कर्ज वजा जाऊन निसाबच्या वर उरलेली, चांद्र वर्षभर टिकलेली मालमत्ता, तिच्यावर अडीच टक्के. त्यात सोने, चांदी, रोकड, व्यापाराचा माल येतो, राहते घर येत नाही. सही मिळाली. त्या घरात त्या वर्षी प्रथमच वही घेऊन जकातीचा हिशेब झाला, असे मुलीच्या अम्मींनीच सांगितले.

ईमान डळमळण्याच्या भीतीविषयी आमचा अनुभव असा आहे. मुले दुसऱ्याचा धर्म वाचून फारशी हलत नाहीत. ती परत येतात ती आपल्याच दीनविषयीचे प्रश्न घेऊन, आणि 'चूप बैठ, ऐसे सवाल नहीं पूछते' हे उत्तर मिळाले की दुरावतात. सूरह हुजुरातमध्ये कौमे आणि कबीले एकमेकांना ओळखावे म्हणून निर्माण केल्याचे सांगितले आहे. सूरह अन्आममध्ये दुसरे ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, अशी ताकीद आहे. या आयती आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. दुसऱ्याला ओळखायचे तर त्याच्याविषयी ऐकीव गोष्टींवर किती दिवस भागवायचे?

यहुद्यांचे उदाहरण पाहा. आपल्या मुलांना यहुदी फक्त फिलिस्तीनच्या बातम्यांतून ठाऊक. पण अलिबाग, रेवदंडा, पेणच्या पट्ट्यात शतकानुशतके मराठी बोलणारे बेने इस्रायली राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावे गावावरून, किहीमकर, रोहेकर. सुंता, एकच खुदा, डुक्कर वर्ज्य, जनावर कापण्याचे नियम, हे सारे कोकणी मुसलमान शेजाऱ्याला ओळखीचे. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. एखाद्या राज्याच्या जुलमावर बोलणे वेगळे आणि एका धर्माची माहिती असणे वेगळे, हे मुलांना समजवायला किहीमकरांची गोष्ट फार उपयोगी पडते.

'पुढे नोकरी काय?' हेही पालक विचारतात. नुसत्या या एका पेपरावर नोकरी लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे आणि त्यात धर्माचे तत्त्वज्ञान येते. शिक्षण, पत्रकारिता, समाजकार्य यांत उपयोग होतो. इतकेच.

काळजी घ्यायची ती शिकवणाऱ्यांबाबत. काही वर्गांत एकाच धर्माचे गुणगान आणि बाकीच्यांची दोन-दोन पाने, असा प्रकार चालतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या. कोणत्या धर्माला किती तास, इस्लामच्या घटकाखाली कोणती पुस्तके सुचवली आहेत, ते पाहा. बाजारातल्या गाईडवर मुलांना सोडू नका. आधीच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. घरात कुरआनचे मराठी भाषांतर नसेल तर आणून ठेवा. मूल पहिल्या सत्रातच मागेल. आणि प्रवेश झाल्यावर वर्गातल्या चर्चेत काही खटकले, तर आधी मुलालाच हात वर करून बोलायला सांगा. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जायला नंतर वेळ असतो.